क्रिमिनॉलॉजी आणि सायकॉलॉजी शिकायचीय? आधी काम ठरवा, मग पदवी

बारावीनंतर "मला क्रिमिनल सायकॉलॉजी करायचीय" असं सांगणाऱ्या मुलामुलींची संख्या गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे. वेबसिरीज बघून आवड लागली म्हणून त्यांना हसणारे लोक मला पटत नाहीत. आवड कुठूनही लागू शकते. खरी अडचण पुढे येते. प्रवेशाच्या घाईत कोर्सचं आकर्षक नाव बघितलं जातं, घरचे कर्ज काढून फी भरतात आणि तीन-चार वर्षांनी कळतं की ज्या कामासाठी एवढं केलं, त्याला वेगळीच पदवी लागते.

म्हणून या लेखात आपण शेवटाकडून सुरुवातीकडे जाऊ. लेख मुख्यतः महाराष्ट्रात आणि गोव्यात शिकणाऱ्यांसाठी आहे. परदेशाचा विचार करणाऱ्यांसाठी एक छोटा भाग शेवटाकडे दिला आहे.

पायरी १ : कुठे बसून काम करायचं ते ठरवा

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे पोलिस खात्यात "क्रिमिनल प्रोफाइलर" अशी भरती निघत नाही. गुन्हेगारी आणि मन यांचा संबंध जिथे रोज येतो अशा जागा मात्र बऱ्याच आहेत आणि प्रत्येक जागेची वाट वेगळी आहे.

पहिली जागा न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेची. राज्याच्या संचालनालयाचं मुख्यालय मुंबईत कलिन्याला आहे. पॉलिग्राफ (खोटं पकडण्याची चाचणी), ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींवरून घेतली जाणारी), नार्को (औषधाच्या गुंगीत घेतली जाणारी) या चाचण्या मानसशास्त्र विभागाकडे येतात. तिथे मानसशास्त्रातली पदवी कामाला येते. नुसती क्रिमिनॉलॉजी घेऊन तिथे पोचणं अवघड आहे. या चाचण्यांची कायदेशीर मर्यादाही आधीच माहीत असू द्या. २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमतीशिवाय यातली कुठलीही चाचणी करता येणार नाही. त्याच्या दोनच वर्षं आधी, २००८ मध्ये, पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात ब्रेन मॅपिंगचा निष्कर्ष पुराव्यात धरून शिक्षा सुनावली होती आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर शंका घेतल्या होत्या. हे दोन निकाल शेजारीशेजारी ठेवून वाचा. कोर्टात विज्ञानाला किती जागा द्यायची, हा वाद त्यात पुरता दिसतो.

दुसरी जागा माणसांमधली : निरीक्षणगृह, बालगृह, कारागृह, पोलिसांचा भरोसा सेल, जिल्हा बाल संरक्षण कक्ष. इथली पदं समुपदेशक, परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी, संरक्षण अधिकारी अशा नावांनी निघतात. काही महिला व बालविकास विभागाची कायम पदं असतात, बरीचशी मिशन वात्सल्यसारख्या योजनांतली कंत्राटी असतात. इथे समाजकार्याची पदवी (एमएसडब्ल्यू) अनेकदा मानसशास्त्राच्या बरोबरीने किंवा तिच्याहून जास्त उपयोगी पडते. मागच्या दोन-तीन भरतींच्या जाहिराती उतरवून घ्या आणि "शैक्षणिक अर्हता" हा रकाना शब्दन् शब्द वाचा. कुठल्याही करिअर मेळाव्यापेक्षा त्या रकान्यातून जास्त कळतं.

तिसरी जागा रुग्णालयाची. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. आरोपी खटला समजून घेण्याच्या, स्वतःचा बचाव करण्याच्या मनःस्थितीत आहे का, असा प्रश्न उभा राहिला की न्यायालय तपासणीसाठी वैद्यकीय व्यवस्थेकडे पाठवतं. गुन्ह्याच्या वेळी मनोविकारामुळे कृत्याचं स्वरूपच कळत नव्हतं, हा बचाव पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. या कामासाठी एक तर मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर व्हावं लागतं, नाहीतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट.

चौथी जागा वकिलाची, पाचवी पोलिस अधिकाऱ्याची. वकिलीला एलएलबी हवी आणि अधिकारी होण्यासाठी स्पर्धा परीक्षा. तिथे मानसशास्त्र जोडीला असलं तर फायदाच, पण दार उघडतं ते दुसऱ्या किल्लीने. सहावी जागा प्राध्यापक-संशोधकाची. यूजीसी-नेट या प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेत मानसशास्त्र (विषय क्रमांक ०४), क्रिमिनॉलॉजी (६८) आणि फॉरेन्सिक सायन्स (८२) हे तीन स्वतंत्र विषय आहेत. कशात नेट द्यायची ते एम.ए.ला कुठला विषय घेता यावर ठरतं, म्हणून हा विचार नेटच्या फॉर्मपर्यंत लांबवू नका.

यातली कुठली जागा आपली, हे अठराव्या वर्षी पक्कं ठरेलच असं नाही आणि ठरलं नाही तरी हरकत नाही. निदान दोन जागा निवडा आणि दोन्हीकडे जाता येईल अशी पदवी घ्या.

पायरी २ : पदवीला पाया मानसशास्त्राचाच ठेवा

माझं मत अगदी स्पष्ट आहे. पदवी मानसशास्त्राची घ्या आणि क्रिमिनॉलॉजी वरच्या मजल्यावर चढवा. उलट केलंत तर अडाल. क्रिमिनॉलॉजीच्या बी.ए.नंतर मानसशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश मिळवताना बऱ्याच ठिकाणी पदवीला मानसशास्त्र असण्याची अट आडवी येते. मानसशास्त्राच्या पदवीधराला मात्र क्रिमिनॉलॉजी, समाजकार्य आणि कायदा या तिन्ही वाटा मोकळ्या असतात.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता पदवीला मुख्य विषयाबरोबर मायनर, म्हणजे दुय्यम विषय, घेता येतो. मुख्य मानसशास्त्र आणि मायनर समाजशास्त्र, ही जोडी या क्षेत्रासाठी मला सर्वांत भक्कम वाटते. गुन्हा एका माणसाच्या डोक्यात घडतो असं मानसशास्त्र शिकताना वाटायला लागतं. तो वस्तीत, बाजारात, कुटुंबात आणि पोलिस ठाण्याच्या नोंदवहीत कसा घडतो, ते समाजशास्त्र दाखवतं.

तुमच्या जवळच्या अनुदानित कॉलेजात मानसशास्त्राचा स्पेशल विषय असेल, प्रयोगशाळा चालू असेल आणि शिक्षक नियमित शिकवत असतील, तर लाखांची फी घेणाऱ्या "बी.ए. क्रिमिनल सायकॉलॉजी"साठी शहर सोडण्याची गरज नाही. प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारा : संख्याशास्त्र कोण शिकवतं, प्रात्यक्षिकं खरोखर होतात की जर्नल उतरवून घेतात, आणि शेवटच्या वर्षी प्रकल्प स्वतः करावा लागतो का. उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरं कॉलेज बघा.

विज्ञान शाखेतून आलेल्यांना फॉरेन्सिक सायन्सची बी.एस्सी. हा पर्याय आहे. मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. तिथलं शिक्षण प्रामुख्याने रक्त, विष, डीएनए, दस्तऐवज, डिजिटल पुरावा यांचं असतं. मन हा तिथला एक लहान भाग आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. त्यामुळे या पदवीधरांची गरज वाढणार आहे. पण माणसाशी बोलण्यात ज्याला रस आहे, त्याने प्रयोगशाळेच्या कोटाला भुलून इकडे वळू नये.

एक महत्त्वाचा इशारा. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राची पदवी घेण्याचा विचार असेल तर थांबा. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्रासह काही आरोग्यविषयक विषयांचे नवे प्रवेश या पद्धतीने देण्यास मनाई केली आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या अनेकांसाठी ही वाट होती. ती बंद झाल्याची हळहळ मलाही आहे, पण अजूनही कुणी असे प्रवेश देऊ करत असेल तर पैसे भरू नका.

पायरी ३ : पदव्युत्तरला फाटा कुठे फुटतो

कारागृह, बालन्याय, पुनर्वसन या बाजूला जायचं असेल तर मुंबईत देवनारला असलेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था हे पहिलं नाव. तिथल्या या विषयाचं जुनं नाव "क्रिमिनॉलॉजी अँड करेक्शनल ॲडमिनिस्ट्रेशन" होतं. आज ते काम सेंटर फॉर क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिसकडे आहे. प्रवेश सीयूईटी-पीजी या पदव्युत्तरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. या संस्थेचा मोठा फायदा म्हणजे प्रत्यक्ष क्षेत्रकार्य. पोलिस ठाण्यातला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष १९८४ मध्ये मुंबईत तिच्याच पुढाकाराने सुरू झाला आणि कारागृहातल्या बंद्यांसोबत काम करणारा "प्रयास" प्रकल्प १९९० मध्ये.

फॉरेन्सिक सायकॉलॉजी हेच नाव पदवीवर हवं असेल तर गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ, म्हणजे एनएफएसयू, बघा. २०२० च्या कायद्याने त्याला केंद्रीय दर्जा मिळाला आणि दिल्लीची जुनी क्रिमिनॉलॉजीची राष्ट्रीय संस्थाही त्यात आली. गोव्यात फोंड्याजवळ कुर्टीला त्याचा परिसर आहे आणि नागपूरजवळ चिंचोलीला कायमच्या परिसराचं भूमिपूजन २०२५ मध्ये झालं. प्रत्येक परिसरात प्रत्येक अभ्यासक्रम नसतो, हे अर्ज भरताना नीट बघा. मध्य प्रदेशात सागरच्या विद्यापीठातला क्रिमिनॉलॉजी विभाग देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी आहे, तो १९५९ चा. विदर्भातल्या मुलांना तो अंतरानेही परवडतो आणि खर्चानेही.

रुग्णालयाची वाट धरणाऱ्यांनी मात्र फार सावध राहायला हवं. नुसतं एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी केल्याने कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात या व्यवसायाची व्याख्या आहे आणि तिचा आधार आरसीआयने मान्य केलेलं शिक्षण हा आहे. आजवर त्यासाठी दोन वर्षांचं एम.फिल. लागायचं. एम.फिल. ही पदवीच बंद होत असल्याने यूजीसीने क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी २०२५-२६ पर्यंतच प्रवेशाची मुभा दिली आणि आरसीआय नवे अभ्यासक्रम आणते आहे. या बदलाच्या काळात अनेक खासगी संस्था "आरसीआय पॅटर्न" असं लिहून जाहिराती करतात. पॅटर्न वगैरे काही नसतं. त्या वर्षीच्या मान्यता यादीत त्या संस्थेचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव आहे की नाही, एवढंच बघायचं. यादी आरसीआयच्या संकेतस्थळावर मिळते. ती स्वतः उघडून बघा, समुपदेशन केंद्राच्या माणसाच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट चालणार नाही.

पायरी ४ : अभ्यास कसा करायचा

दोन विषय एकत्र शिकताना बहुतेक विद्यार्थी दोन वेगळ्या वह्या करतात : एकीत फ्रॉइड आणि व्यक्तिमत्त्व, दुसरीत बेकारिया आणि लोम्ब्रोसो हे क्रिमिनॉलॉजीचे सुरुवातीचे विचारवंत. परीक्षेपुरतं भागतं. हे विषय ज्या ठिकाणी एकमेकांत घुसतात, तिथे थांबून विचार करायला शिकलात तर मात्र तुमची समज वेगळ्याच पातळीवर जाईल. अशी चार ठिकाणं सांगतो.

पहिलं, जन्मजात गुन्हेगार ही कल्पना. इटालियन डॉक्टर लोम्ब्रोसोने १८७६ मध्ये चेहऱ्यामोहऱ्यावरून, कवटीवरून गुन्हेगार ओळखता येतो असं मांडलं. पुस्तकात हे धडा एकमध्ये येतं आणि "कालबाह्य सिद्धांत" म्हणून संपतं. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने ते इतक्या झटक्यात संपवू नये. लोम्ब्रोसोच्याही आधी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा कित्येक समाजांना हजेरी, पास आणि तारेच्या कुंपणातल्या वसाहती भोगाव्या लागल्या. सोलापुरात तो भाग आजही "सेटलमेंट" याच नावाने ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ ला हे समाज विमुक्त झाले, पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी कायदा केला आणि संशय पुरता सुटला नाही. समाजाने गुन्हेगार असा शिक्का मारला की माणूस गुन्हेगार ठरतो, असा लेबलिंगचा जो सिद्धांत समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकरने १९६३ मध्ये मांडला, त्याचं याहून धडधडीत उदाहरण शोधून सापडणार नाही. चोरी झाली की पहिल्यांदा पारध्यांच्या पालावर गाडी जाते, हे बातम्यांत अजूनही वाचायला मिळतं. त्या पालावरचा मुलगा लहानपणापासून स्वतःकडे कोणत्या नजरेने बघायला शिकतो, हा मानसशास्त्राचा प्रश्न आहे. दोन्ही विषय तिथे एक होतात.

दुसरं, स्मरणशक्ती आणि साक्ष. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात "धडकल्या"ऐवजी "जोरात आदळल्या" अशा अर्थाचं क्रियापद वापरलं की सांगितलेला वेग वाढायचा. सर्वांत जोरकस शब्दाला सरासरी ताशी सुमारे ४१ मैल आणि सर्वांत सौम्य शब्दाला सुमारे ३२ मैल. फिल्म तीच, फक्त प्रश्न वेगळा. आता हा प्रयोग आपल्या पोलिस ठाण्यात आणून बघा. साक्षीदाराचा जबाब तपास अधिकारी स्वतःच्या शब्दांत लिहितो आणि कायद्याप्रमाणे त्यावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. खटला उभा राहतो तेव्हा कित्येकदा वर्षं उलटलेली असतात. हा विचार डोक्यात ठेवून पुढची पायरी करा.

तिसरं, आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी "क्राइम इन इंडिया" प्रसिद्ध करतो. त्यावरून "अमुक शहर सर्वांत असुरक्षित" अशा बातम्या होतात. विद्यार्थ्याने अहवालाच्या सुरुवातीची टिपणं आधी वाचावीत. एकाच एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील तर त्यातला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. बलात्कार करून खून झाला तर तो खुनाच्या रकान्यात जातो, बलात्काराच्या नाही. शिवाय हे सगळे नोंदलेले गुन्हे. जिथे पोलिस तक्रार सहज घेतात तिथे आकडा वाढतो, जिथे हाकलून देतात तिथे शांतता दिसते. दुसरा वाचण्यासारखा अहवाल कारागृहांचा. २०२२ च्या अहवालात देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही अशी माणसं. "गुन्हेगाराचं मन" अभ्यासायला कारागृहात जाणाऱ्याने हा आकडा मनावर कोरून घ्यावा.

चौथं, धोक्याचा अंदाज. सुटल्यावर हा माणूस पुन्हा हिंसा करेल का, हे सांगणाऱ्या चाचण्या असतात. त्या "९० टक्के अचूक" असं ऐकलं की छान वाटतं. कागद-पेन घ्या आणि एक काल्पनिक उदाहरण सोडवा. १००० कैदी सुटतात, त्यातले २० जण पुढे गंभीर हिंसा करणार आहेत. चाचणी त्यातले ९० टक्के, म्हणजे १८ जण पकडते. उरलेल्या ९८० मध्येही ती १० टक्के चुकते, म्हणजे ९८ निरुपद्रवी माणसांवर "धोकादायक" असा शिक्का मारते. एकूण शिक्के ११६, त्यातले खरे १८. सहा जणांत एकही पूर्ण भरत नाही. दुर्मीळ घटनेचा अंदाज इतका अवघड असतो. हे गणित ज्याला जमतं तो न्यायालयात अहवाल लिहिताना शब्द जपून वापरतो. संख्याशास्त्राला घाबरून या विषयात राहता येत नाही. जामोवी, जास्प किंवा आर यांपैकी एखादं मोफत सॉफ्टवेअर दुसऱ्या वर्षापासून हाताळायला घ्या.

या चार ठिकाणांत बालगुन्हेगारीचा प्रश्न भर घालतो. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दाखवलं की किशोरवयात नियम मोडणाऱ्या बहुतेकांचं वर्तन वय वाढल्यावर निवळतं. थोड्यांचंच लहानपणापासून आयुष्यभर टिकतं. आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्यात १६ ते १८ वयाच्या मुलाने घोर गुन्हा केल्याचा आरोप असेल तर कलम १५ खाली त्याचं प्राथमिक मूल्यांकन होतं आणि त्यावरून त्याचा खटला प्रौढासारखा चालवायचा का हे ठरू शकतं. हे काम नाजूक आहे आणि बालमानसशास्त्राची जाण असलेल्यांची मदत त्यात घ्यायलाच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. एका अहवालाने एका मुलाचं आयुष्य कुठल्या बाजूला जाईल ते ठरतं. तो अहवाल लिहिणारा माणूस नीट शिकलेला असावा, यासाठीच मी एवढं पोटतिडकीने लिहितो आहे.

पायरी ५ : कोर्टात जाऊन बसा

ही पायरी फुकट आहे आणि तरीही फार थोडे विद्यार्थी करतात. फौजदारी न्यायालय खुलं असतं. पुण्यात शिवाजीनगरला किंवा तुमच्या तालुक्याच्या कोर्टात सकाळी अकराच्या आत पोचा. बाहेर लावलेल्या बोर्डावर त्या दिवशीची प्रकरणं असतात, ई-कोर्ट्सच्या ॲपवरही दिसतात. मोबाइल बंद करून मागच्या बाकावर बसा, काहीही रेकॉर्ड करू नका. बलात्काराचे आणि पॉक्सोचे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचे) खटले बंद दाराआड चालतात, तिथे थांबायचं नाही. पट्टेवाल्याला नम्रपणे विचारलंत तर आज साक्ष कुठल्या कोर्टात आहे ते तो सांगेल.

पहिले काही तास कंटाळवाणे जातील, नुसत्या तारखा पडतील. मग एखादी उलटतपासणी ऐकायला मिळेल. बचावाचे वकील विचारतात, "आरोपीच्या हातात काठी होती हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?" साक्षीदार म्हणतो, "सांगितलं होतं." "मग जबाबात तसं का लिहिलेलं नाही?" आणि राज्यभर हजारो साक्षींत येणारं ते वाक्य : "त्याचं कारण मला सांगता येणार नाही." तिथे क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा. काठी खरंच होती आणि लिहिणाऱ्याने गाळली? नंतर गावातल्या चर्चेतून ती आठवणीत शिरली? की वकिलाने पढवली? घरी येऊन तिन्ही शक्यता वहीत लिहा आणि प्रत्येकीला कुठलं संशोधन लागू पडतं ते शोधा. अशा दहा नोंदी झाल्या की साक्षीवरचा धडा तुम्हाला पाठ करावा लागणार नाही.

याच वेळी मराठीतले शब्दही पक्के करा : फिर्याद, जबाब, पंचनामा, दोषारोपपत्र, न्यायाधीन बंदी (कच्चा कैदी), सिद्धदोष बंदी (शिक्षा झालेला कैदी), ओळख परेड. अभ्यास इंग्रजीत झाला तरी समोरचा माणूस मराठीत बोलणार आहे, तोही लातूरची, चंदगडची किंवा पालघरची मराठी. इंग्रजीतली प्रश्नावली जशीच्या तशी वाचून दाखवणारा समुपदेशक त्याच्यापर्यंत पोचत नाही. वऱ्हाडी किंवा मालवणी येत असेल तर तो तुमचा मोठा गुण आहे, लपवू नका.

पायरी ६ : क्षेत्रकार्य, आणि स्वतःला सांभाळणं

कारागृहात थेट जाऊन मुलाखती घेईन, असं ठरवून बसू नका. त्यासाठी पुण्यातल्या कारागृह मुख्यालयाची परवानगी लागते, विद्यापीठाचं पत्र लागतं, नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते आणि महिने जातात. सुरुवात बाहेरून करा : व्यसनमुक्ती केंद्र, कौटुंबिक हिंसाचारावर काम करणारी संस्था, विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यक्रम, वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका. परिविक्षेवर सुटलेला तरुण तिथेच भेटतो आणि तिथे तो "केस" नसतो.

जाण्याआधी एक कायदेशीर गोष्ट शिकून घ्या. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुम्हाला कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला कधीही देऊ नका. सुरुवातीलाच सोप्या भाषेत सांगा की तुला धोका असेल तर मला मोठ्या माणसांची मदत घ्यावी लागेल. आणि असं काही कळलं तर आधी संस्थेतल्या तुमच्या मार्गदर्शकाला त्याच दिवशी सांगा.

हे काम ऐकणाऱ्यालाही लागतं. झोप उडणं, चिडचिड, घरच्या माणसांवर संशय येणं ही लक्षणं दिसली की दम धरून पुढे जाण्यात शौर्य नाही. पर्यवेक्षणाचा आठवड्याचा तास ठरलेला नसेल तर ती इंटर्नशिप घेऊ नका, प्रमाणपत्र कितीही चांगलं असो. ज्यांच्या स्वतःच्या घरात हिंसा झाली आहे, अशा विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो : या क्षेत्रात जरूर या, पण आधी स्वतःसाठी समुपदेशक शोधा.

शक्य असेल तेव्हा सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरबद्दल वाचा. औंध संस्थानाच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये तिथे खुली वसाहत सुरू केली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं तिथे भिंतीशिवाय, कुटुंबासह राहून शेती करत. सुधारणेचे परदेशी प्रयोग सगळे सांगतात, आपल्या माणदेशातला हा प्रयोग फार कुणाला ठाऊक नसतो.

पायरी ७ : प्रबंधाचा विषय

हाताला येईल असा विषय घ्या. "सीरियल किलरचं व्यक्तिमत्त्व" या विषयाला नमुना मिळणार नाही. "डिजिटल अटक" म्हणून, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या तोतया पोलिसांकडून, फसवले गेलेले निवृत्त लोक तुमच्याच सोसायटीत भेटतील. कोहेन आणि फेल्सन या अभ्यासकांनी १९७९ मध्ये सांगितलं की इच्छुक गुन्हेगार, सोपं लक्ष्य आणि राखणदाराचा अभाव एकत्र आले की गुन्हा घडतो. व्हिडिओ कॉलवर राखणदार कोण? भीती आणि अधिकाराचा दबाव कसा काम करतो? सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकाच्या हेल्पलाइनला फोन करायला लोक किती तास लावतात आणि का? वीस सविस्तर मुलाखतींत उत्तम प्रबंध होईल. दुसरा मार्ग निकालपत्रांचा. ई-कोर्ट्सवर निकाल मोफत आहेत. एका जिल्ह्यातले कलम ८४ चा, म्हणजे मनोविकाराचा, बचाव घेतलेले निकाल गोळा करून न्यायाधीश डॉक्टरांच्या साक्षीला किती वजन देतात ते बघता येईल. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

परदेशी जायचं असेल तर

ब्रिटनमध्ये "क्रिमिनॉलॉजी अँड सायकॉलॉजी" अशी जोडपदवी सहज मिळते, इंग्लंडमध्ये साधारण तीन वर्षांची. मात्र ती ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीने मान्य केलेली आहे का, हे आधी बघा. नसेल तर पुढे मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी वेगळा रूपांतर अभ्यासक्रम करावा लागतो. "फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट" हे पदनाम तिथे कायद्याने राखीव आहे आणि एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय लावता येत नाही. तिथे शिकून भारतात परतायचं असेल तर आरसीआयचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, म्हणून कर्ज काढण्याआधी परत येणार की नाही, हे घरात बसून स्पष्ट बोला.

कागदपत्रं आणि तारखा

सीयूईटी-पीजीचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चमध्ये होते, म्हणजे पदवीची शेवटची परीक्षा व्हायच्या आधी. एनएफएसयूची प्रवेश परीक्षा वेगळी, तिचा अर्ज वेगळा. नेट जून आणि डिसेंबरच्या सत्रांत होते. राज्यातल्या कॉलेजांसाठी शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून भरायचा. केंद्रीय संस्थांसाठी ओबीसी उमेदवारांना नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही. या एका कागदावरून जागा गेल्याचं मी पाहिलं आहे. तहसील कार्यालयात प्रवेशाच्या हंगामात गर्दी असते, त्यामुळे शेवटच्या वर्षाला लागलात की दिवाळीच्या सुट्टीतच त्याची चौकशी करा आणि एक एप्रिलनंतर नव्या आर्थिक वर्षाचं प्रमाणपत्र काढायला पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका.